पंतप्रधान ‘आपला’, मग व्हिसा का महागला?

ब्रिटनचे माजी पंतप्रधान ऋषी सुनक यांच्यावरचा एक मजकूर अजूनही फॅमिली ग्रुपवर फिरतोय. थोडक्यात असा: गरीब भारतीय घरातला मुलगा, आईच्या औषधाच्या दुकानात बसून शिकला, इंग्रजांनी त्याला डोक्यावर घेऊन पंतप्रधान केलं, पैशाच्या बाबतीत एकदम सरळ, आणि त्याच्या राज्यात भारतीयांचं कोटकल्याण झालं. खाली हात जोडलेले, वर तिरंगा.

दुकानापासून सुरुवात करू. दुकान होतं, आणि सुनक तिथे आईचे हिशेब बघायचे हेही खरं. पण वडील साउदॅम्प्टनमध्ये डॉक्टर होते, दुकान आईच्या मालकीचं होतं आणि मुलगा विंचेस्टर कॉलेजात शिकला. ही इंग्लंडमधल्या सर्वांत महागड्या निवासी शाळांपैकी एक. पुढे ऑक्सफर्ड, मग स्टॅनफर्ड. याला गरिबी म्हणायचं तर मध्यमवर्ग कशाला म्हणायचं? ‘भारतीय घर’ हेही तपासून घ्या. आजोबांचं मूळ गुजराँवाला, म्हणजे आजचं पाकिस्तान. वडिलांचा जन्म केनियातला, आईचा टांगानिकातला (आजचा टांझानिया), आणि १९८० साली जन्मलेले ऋषी साउदॅम्प्टनचे. ते हिंदू आहेत, गीतेवर हात ठेवून त्यांनी खासदारकीची शपथ घेतली. त्याबद्दल कुणाचंच भांडण नाही.

‘इंग्रजांनी निवडून दिलं’ हे तर सरळ उलटं आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात सुनक यांच्या हुजूर पक्षाच्या सदस्यांनी नेता निवडायला मतदान केलं तेव्हा लिझ ट्रस यांना ५७ टक्के मिळाले, सुनक हरले. ट्रस यांचं सरकार दीड महिन्यात कोसळलं आणि ऑक्टोबरमध्ये पेनी मॉर्डंट यांनी माघार घेतल्यावर सुनक बिनविरोध नेते झाले. पंतप्रधान म्हणून ते देशाच्या मतदारांसमोर गेले ते एकदाच, ४ जुलै २०२४ ला. पक्षाला १२१ जागा मिळाल्या. इतक्या कमी त्या पक्षाला आजवर कधीच मिळाल्या नव्हत्या.

आता पैसा. इथे हा मजकूर सगळ्यात जास्त गोड बोलतो. सुनक यांची पहिली कमाई गोल्डमन सॅक्समधली, पण खरा पैसा पुढे हेज फंडात, म्हणजे बड्यांचा पैसा जोखमीच्या गुंतवणुकीत लावणाऱ्या कंपनीत झाला. २००६ पासून ते लंडनच्या टीसीआय या फंडात भागीदार होते. कंपनीत छोटा हिस्सा घ्यायचा आणि मग संचालकांच्या मानेवर बसून विक्री-विभाजन करायला लावायचं, ही या फंडाची ख्याती. २००७ मध्ये जेमतेम एक टक्का शेअर हातात असताना या फंडानं एबीएन ॲम्रो या डच बँकेला पत्र पाठवलं: बँक विका नाहीतर तोडा. ती रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आणि साथीदारांनी अव्वाच्या सव्वा भावात घेतली, आणि वर्षभरात रॉयल बँकेला वाचवायला ब्रिटिश करदात्यांचे ४५ अब्ज पौंड ओतावे लागले. पत्र सुनक यांनी लिहिलं नव्हतं आणि रॉयल बँक बुडाली ती स्वतःच्या हावरटपणानं, हेही सांगायला हवं. पण सुनक यांची पुंजी जमली ती या धंद्यात, दुकानाच्या गल्ल्यावर नव्हे.

आणि ‘सरळ’? कायदा मोडला असं कुणी सिद्ध केलेलं नाही. फक्त एप्रिल २०२२ चा तो आठवडा बघा. अर्थमंत्री सुनक यांनी पगारदारांच्या नॅशनल इन्शुरन्सचा (पगारातून कापल्या जाणाऱ्या सामाजिक सुरक्षा वर्गणीचा) दर सव्वा टक्क्यानं वाढवला, आणि त्याच आठवड्यात उघड झालं की पत्नी अक्षता मूर्ती ‘नॉन-डॉम’ आहेत. म्हणजे वर्षाला ३०,००० पौंड भरले की परदेशातल्या कमाईवर ब्रिटनमध्ये कर नाही. ही परदेशातली कमाई म्हणजे मुख्यतः इन्फोसिसचा लाभांश. हो, तीच इन्फोसिस, १९८१ साली अक्षतांच्या आई सुधा मूर्तींच्या दहा हजार रुपयांवर पुण्यात सुरू झालेली. सगळं कायदेशीर. तरी गदारोळ इतका झाला की यापुढे सगळ्या उत्पन्नावर ब्रिटनमध्ये कर भरीन, असं अक्षता यांना जाहीर करावं लागलं. सुनक यांचा स्वतःचा २०२१-२२ चा कर उत्पन्नाच्या सुमारे २२ टक्के होता, कारण बहुतेक उत्पन्न भांडवली नफ्याचं आणि त्यावर कराचा दर पगारापेक्षा कमी.

राहिलं कोटकल्याण. ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनाच विचारा. जानेवारी २०२४ पासून एम.एस्सी., एम.बी.ए. करणाऱ्यांना नवरा-बायको सोबत नेता येईना. मार्चपासून केअर वर्करना (वृद्ध-आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्यांना) कुटुंब नेण्याची बंदी. एप्रिलमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण अट २६,२०० वरून ३८,७०० पौंडांवर गेली, आणि जोडीदाराला बोलावण्यासाठीची १८,६०० वरून २९,००० वर. व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार वर्षाला ६२४ चा १,०३५ पौंड झाला. नाशिक-साताऱ्याहून शैक्षणिक कर्ज काढून गेलेल्या पोरांच्या खिशाला ही झळ बसली, आणि ती बसली ‘आपल्या’ माणसाच्या सरकारात. ब्रिटनचा पंतप्रधान ब्रिटनमधली मतं बघणार, यात नवल ते काय?

भारत-ब्रिटन व्यापार कराराचं श्रेयही फॉरवर्डवाले त्यांनाच देतात. बोलणी त्यांच्या आधी बोरिस जॉन्सन यांच्या काळात सुरू झाली, त्यांच्या कारकिर्दीत चालू राहिली पण संपली नाहीत. सही झाली जुलै २०२५ मध्ये, पंतप्रधान कीर स्टार्मर असताना. त्याच महिन्यात सुनक गोल्डमन सॅक्समध्ये परतले, या वेळी वरिष्ठ सल्लागार म्हणून.