झाडं लावण्याआधी वर्गणी भरा

आज सकाळपासून एक फोटो फिरतोय. ऐतिहासिक उद्यानातलं वृक्षारोपण. चाळीसेक माणसं, सारख्या टोप्या, हातात फावडी, मागे फलक. आणि सगळ्यांच्या मधोमध एक म्हातारा ओक. तीन माणसांनी हात धरले तर जेमतेम कवेत येईल एवढं खोड. त्या खोडापासून दोन-तीन मीटरवर ओळीने खड्डे, आणि खड्ड्यांची माती थेट बुंध्याला टेकवून रचलेली. खाली नुसता कौतुकाचा पाऊस.

अरे, त्या झाडाची मुळं तोडलीत तुम्ही!

अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं खोल नसतात. बहुतेक वरच्या अर्ध्या मीटर मातीतच असतात आणि फांद्यांच्या टोकांच्याही पलीकडे पसरतात. जुन्या वृक्षांसाठी साधं गणित आहे. छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास मोजा, त्याला १५ ने गुणा. किंवा फांद्यांच्या टोकापासून पुढे ५ मीटर मोजा. जे अंतर जास्त येईल ते धरा. या ओकाचा व्यास दीड मीटर असेल, तर खोडापासून चहूबाजूंना साडेबावीस मीटर कुदळ लावायची नाही, गाडी उभी करायची नाही, मांडव ठोकायचा नाही. बुंध्याला चढवलेली माती तर आणखी वाईट. साल सतत ओली राहते, बुरशी शिरते, खालच्या मुळांचा श्वास कोंडतो. झाड उद्या मरत नाही. काही वर्षांनी शेंडे वाळायला लागतात, आणि तोवर हा फोटो सगळे विसरलेले असतात.

हे असं होतं, कारण लावायला पैसे मिळतात, राखायला मिळत नाहीत. अनुदान नव्या कामाला मिळतं, देणगीदाराला आपल्या नावाचं बाक हवं असतं. वृक्षतज्ज्ञाची तपासणी, विमा, गटारांची सफाई, अवजारांची धार, याला कोण देणार? उद्यान सांभाळणाऱ्या ट्रस्टचे सभासद. दरमहा बँकेतून आपोआप जाणारी छोटी रक्कम ट्रस्टला मोठ्या एकरकमी देणगीपेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण पुढच्या वर्षी माळी ठेवता येईल की नाही हे त्यावरून आज ठरवता येतं. आणि ती देताना अट घालू नका. ‘फक्त झाडांसाठी’ लिहिलंत की तीच रक्कम पडक्या भिंतीला वापरता येत नाही. सभासद झालात की वार्षिक सभेला जा, हिशेब मागा, देखभालीवर किती आणि समारंभांवर किती ते विचारा.

न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क बघा. ओल्मस्टेड आणि व्हॉक्स या उद्यानरचनाकारांचा १८५८ चा आराखडा, ८४३ एकर. १९७० च्या दशकात त्याची पार दैना झाली होती. १९८० मध्ये नागरिकांच्या पुढाकाराने कॉन्झर्व्हन्सी ही संस्था उभी राहिली. पुढे या संस्थेने उद्यानाचे भाग पाडून एकेका भागाची जबाबदारी एकेका माळ्यावर टाकली आणि स्वयंसेवक त्यांच्या हाताखाली दिले. म्हणजे एखाद्या कोपऱ्यात काही बिघडलं तर कुणाला विचारायचं हे ठरलेलं.

स्वयंसेवकांचंही हेच आहे. एका दिवसाचे चाळीस नकोत, दर पंधरवड्याला येणारे सहा हवेत. गटासोबत जाणता माणूसही हवाच, त्याचा पगार वर्गणीतूनच निघतो. काम दिसायला क्षुल्लक असतं. रोपाच्या आधारकाठीचा पट्टा दर सहा महिन्यांनी सैल करायचा, नाहीतर तो सालीत रुततो. काठी खोडाच्या उंचीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढीच ठेवायची, म्हणजे खोड वाऱ्यात हलून जाड होतं, आणि मुळं धरली की, बहुधा दोन वर्षांत, ती काढून टाकायची. रोपाभोवती पालापाचोळ्याचं आच्छादन ५ ते १० सेंटीमीटर जाड, पण खोडापासून वीतभर लांब. हे गोल आळं तण रोखण्यासाठी असतंच, त्याहून जास्त गवत कापायचं यंत्र खोडापासून लांब ठेवण्यासाठी असतं. यंत्राची दोरी एकदा खोडाभोवती फिरून साल सोलली गेली की झाड संपलं. कितीतरी रोपं अशी मरतात आणि नाव दुष्काळाचं होतं. जुन्या विटांच्या भिंतीत उगवलेलं रोप उपटायचं नाही, विटांच्या सांध्यांतला चुना निघून येतो. बुडाशी कापून उरलेला खुंट पुन्हा फुटू नये म्हणून मारून टाकायचा, मग सांधे चुन्याने भरायचे. सिमेंट भरलंत तर ओल आत अडकते आणि विटांचे पापुद्रे सुटतात. आणि एका उद्यानातून दुसरीकडे जाताना बुटांचा चिखल घासून काढा. मुळं कुजवणारे रोग त्या चिखलातूनही जातात.

हो, वृक्षारोपणाने नवी माणसं जोडली जातात, हे मान्य. म्हातारी झाडं पडणार, त्यांच्या जागी तरुण झाडं लागणारच. पण जागा मूळ आराखडा बघून ठरवायची. अशा उद्यानात मोकळं गवतही कुणीतरी मुद्दाम आखलेलं असतं, तळ्यापलीकडचा देखावा दिसावा म्हणून. कधीकधी तर आपोआप उगवलेली झाडं काढणं हीच जपणूक असते. हे म्हटलं की लोक अंगावर येतात. येऊ देत.

लिहिता लिहिता राग ओसरला. त्या चाळीस जणांचं मन चांगलंच होतं, सुट्टीच्या दिवशी उठून आले होते बिचारे. त्यांना कुणी सांगितलंच नाही. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर ट्रस्टच्या माळ्याला सोबत घेऊन याच आठवड्यात परत जा. रोपं मुळांभोवतीच्या मातीसकट काढून त्या साडेबावीस मीटरच्या बाहेर, तो दाखवेल तिथे लावा. खड्डे त्यातल्याच मातीने भरा, पायाने तुडवू नका. बुंध्याची माती फावड्याने नको, साल खरचटते, हाताने ओढा. खोड जिथे रुंद होऊन मुळांत उतरतं तो उतार उघडा दिसला की थांबा.