तयारी कुणाची, आणि किती फुटाला?

मे संपत आला की आपल्या सांगलीत बातमी येते : ‘संभाव्य पुरासाठी यंत्रणा सज्ज’. सोबत नदीतल्या रबरी बोटींचा, केशरी लाइफ जॅकेट घातलेल्या जवानांचा फोटो असतो. ही प्रात्यक्षिकं झालीच पाहिजेत. 2019 ला एनडीआरएफ, लष्कर, नौदल आणि गावोगावची पोहणारी पोरं पाण्यात उतरली म्हणून कितीतरी घरं आज धडधाकट आहेत. त्यांचे उपकार आपण विसरणार नाही. पण तयारी म्हणजे बोट, अशी जी समजूत आपल्याकडे पक्की होत चालली आहे, ती मला धोक्याची वाटते. दारात बोट बोलवावी लागली याचा अर्थ तयारीची वेळ आधीच निघून गेली.

आपला पूर डोंगरातल्या ओढ्यासारखा एका रात्रीत अंगावर येत नाही. महाबळेश्वर, नवजा, कोयनानगर इकडं पाऊस पडतो, कराडला प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेला मिळते, तिथून ते पाणी वळणं घेत घेत सांगलीला येतं. वरचं पाणी आपल्यापर्यंत यायला साधारण दिवस-दीड दिवस लागतो. हरिपूरला वारणा मिळते, खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा मिळते, आणि या दोघींना पण पूर असला की आपलं पाणी पुढं सरकत नाही, इथंच तुंबून राहतं. म्हणून ते सावकाश चढतं आणि त्याहून सावकाश उतरतं. पुराची शहरं पुष्कळ आहेत, पण इतका वेळ हातात देणारी नदी फार थोड्यांच्या वाट्याला येते. तो वेळ आपण काय करून घालवतो? फोनवर एकमेकांना विचारतो, ‘आयर्विनला किती झालं ओ?’

हा प्रश्न चुकीचा नाही. 1929 सालचा कृष्णेवरचा हा आयर्विन पूल आपली मोजपट्टी आहे. 40 फुटाला इशारा, 45 ला धोका, हे इथल्या शाळकरी पोराला पण पाठ आहे. अडचण पुढची आहे. 42 झालं म्हटल्यावर माझ्या घरात कुणी काय करायचं? 45 झालं तर? याचं उत्तर बहुतेक घरांत नसतं. आकडा ऐकायचा, ‘अजून लई लांब हाय’ म्हणायचं आणि पुढच्या आकड्याची वाट बघायची. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर या भागातल्या लोकांना हे चालत नाही, कारण धोक्याची पातळी यायच्या आधीच त्यांच्याकडे पाणी शिरतं. त्यांच्यासाठी 45 चा उपयोगच नाही. शहराचा आकडा एक असतो आणि घराचा दुसरा.

मला तर असं वाटतं की घराचेही दोन आकडे असतात. पाणी उंबऱ्याला लागतं तो एक, आणि घर सोडायचा दुसरा. हे दोन्ही एकच धरले की घात होतो. कारण घराआधी रस्ता बुडतो. आपलं जोतं उंच असेल, पण गल्लीच्या तोंडाशी खोलगट असेल तर घर कोरडं असतानाच आपण बेटावर असतो. गावभागात, मारुती चौकाच्या आसपास हे सगळ्यांनी बघितलंय. आता अशा घरात अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत असं धरा. त्यांना खुर्चीत बसवून दोघांनी उचलायचं, दारापर्यंत आणायचं, रिक्षात नाहीतर रुग्णवाहिकेत घालायचं. रस्त्यावर गुडघाभर पाणी असेल तर रिक्षा येत नाही, रुग्णवाहिका वळत नाही. बरोबर लघवीची पिशवी आहे, गोळ्यांचा डबा आहे, ऑक्सिजनचं मशीन असलं तर त्याला वीज लागते, आणि पाणी वाढलं की महावितरणला वीज तोडावीच लागते. म्हणजे या आजोबांचा आकडा शेजारच्या तरण्या जोडप्यापेक्षा निदान दोन-तीन फुटांनी आधीचा असला पाहिजे. भिंत एक, जोतं एक, तरी आकडे दोन. बाळंतीण, डायलिसिसचा रुग्ण, एकट्या राहणाऱ्या मावशी, या सगळ्यांचं हेच. हा हिशेब कोणतंही सरकारी कार्यालय आपल्यासाठी करू शकणार नाही. कुठला भाग कोणत्या पातळीला बुडतो, एवढं ते सांगतील. आजोबांना कोण उचलणार, हे आपणच ठरवायचं.

नदीकाठच्या गावांत हाच प्रश्न जनावरांचा आहे, आणि तो जास्त अवघड आहे. भिलवडी, अंकलखोप, सुखवाडी, ब्रह्मनाळ, कुठंही विचारा. माणसं घर सोडत नाहीत म्हणून शहरातले लोक त्यांना हट्टी म्हणतात. मला ते ऐकवत नाही. दावणीला दोन म्हशी, एक गाय आणि रेडकू असलेल्या घराला ‘तुम्ही आधी बाहेर पडा’ म्हणायचं म्हणजे त्यांचा सगळा संसार पाण्यात सोडून या म्हणायचं. चांगली दुभती म्हैस आज लाखाच्या घरात आहे, डेअरीच्या दर दहा दिवसांच्या बिलावर घर चालतं. म्हैस बोटीत चढत नाही. तिला रस्ता आहे तोवर चालवतच न्यावं लागतं, आणि न्यायचं तर पलीकडे बांधायला जागा, डोक्यावर पत्रा, कोरडी वैरण आणि पाणी लागतं. ते नक्की नसलं की घरातला एकजण म्हणतो, ‘तुम्ही व्हा पुढं, मी जनावरापाशी थांबतो.’ मग त्याच्यासाठी आणखी एकजण थांबतो. मग बायको निघत नाही. मग शेवटच्या बोटीची वाट बघितली जाते.

8 ऑगस्ट 2019 ला ब्रह्मनाळला ग्रामपंचायतीची बोट उलटली. पुरातून बाहेर पडायला निघालेली माणसं, त्यात बायका होत्या, लेकरं होती. बोटीत जास्त माणसं होती, हे खरंच आहे. पण कुणी बेफिकीर होतं म्हणून ती जास्त झाली नाहीत. पाणी चढत होतं, बोटी कमी होत्या आणि मागं राहायची भीती होती. तीच माणसं दोन दिवस आधी, डांबरी रस्ता दिसत असताना, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जनावरांसकट बाहेर पडू शकली असती का? छावणीची जागा, वैरणीचा ट्रक, डॉक्टर हे सगळं अमुक फुटाला तिथं असणारच असा भरवसा त्यांना कुणी दिला असता, तर पडली असती असं मला वाटतं. वैरणीची सोय ही माणसं वाचवायची सोय आहे. पूर नियोजनाच्या बैठकीत तिची जागा बोटीच्या आधी असली पाहिजे.

2019 नं आणखी एक गोष्ट दाखवली, जिच्यावर आपल्याकडे पुरेसं बोललं जात नाही. त्या साली तयारी नव्हती असं म्हणणं अन्यायाचं आहे. अनेकांची होती, पण ती 2005 च्या पुराची होती. 2005 ला पाणी 53 फुटांच्या पुढं गेलं होतं. त्याच्या खुणा लोकांनी भिंतीवर ठेवल्या होत्या. दुकानदारांनी त्या खुणेच्या वर माळे केले, घरात फ्रीज टेबलावर चढवला, कागदपत्रं वरच्या फळीवर ठेवली. ‘पाच साली इथवर आलं होतं’ हे आमच्या भागातलं शेवटचं प्रमाण होतं. आणि 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं. खुणेच्या वर ठेवलेलं सगळं त्यात भिजलं. 1869 सालचं आपलं नगर वाचनालय घ्या, दीडशे वर्षांची संस्था. हजारो पुस्तकं पाण्यात गेली, त्यात पुन्हा न मिळणारी जुनी पुस्तकं होती. भिजलेलं पुस्तक फुगतं, पानं एकमेकांना चिकटून वीट होते आणि ते शेल्फमधून बाहेरच निघत नाही. पूर ओसरल्यावर ज्यांनी ते साफ केलं त्यांना विचारा.

हरिपूरच्या पेवांचंही असंच. जमिनीतल्या त्या खोल पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. तिथली माती, तिथला कोरडेपणा हे त्याचं कारण. सांगलीच्या हळदीला 2018 ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या मागं ही पेवं आहेत. 2005 च्या पाण्यानं त्यांचं फार नुकसान केलं. पिढ्यानपिढ्या पेवाला पाणी लागलं नाही, म्हणून लागणार नाही, हाच तिथला हिशेब होता.

मागचा पूर हा मागचा. पुढच्याला त्याचं बंधन नाही.

2021 ला तर स्वभावच वेगळा निघाला. 2019 ला आठवडे पाऊस, भरलेली धरणं, कोयनेतून लाखाच्या वर क्युसेक विसर्ग, असं हळूहळू साठत गेलं होतं. त्यामुळे लोक धरणाचे आकडे बघायला शिकले. कोयना धरण 105 टीएमसीचं (अब्ज घनफुटाचं), आज किती भरलं, दरवाजे किती फूट उघडले, हे पानटपरीवर पण बोललं जायचं. मग 22-23 जुलै 2021 ला महाबळेश्वरात एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. कोयना काठोकाठ भरलेली नव्हती, तरी आयर्विनला 54 फुटांच्या पुढं पाणी गेलं. धरणाच्या खाली पडणारा पाऊस कुठल्या दरवाजानं अडत नाही. फक्त विसर्गाकडे डोळे लावून बसलेल्यांना या वेळी सावकाशीचा फायदा नेहमीइतका मिळाला नाही.

खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाबद्दल मी इथं लिहिणार नाही. त्याच्या पाणीपातळीचा वाद अभ्यासकांनी, सरकारांनी आणि न्यायालयांनी जरूर लढावा, सांगलीकरांनी त्यात आवाजही उठवावा. फक्त त्या वादाचा निकाल काही लागो, जुलैमध्ये माझ्या गल्लीतल्या मावशींना कुठं न्यायचं हे त्यातून ठरत नाही.

तयारी कशी असते हे बघायचं तर लांब जायची गरज नाही. नदीकाठचा शेतकरी बघा. पाण्याचा रंग बदलला, गढूळ झालं, की तो आयर्विनच्या आकड्याची वाट बघत नाही. काठावरची मोटार, स्टार्टर, केबल काढायच्या मागं लागतो. त्याला आधीच माहीत असतं की साखळी कुणाकडे आहे, ट्रॅक्टर कुणाचा आणायचा, आणि पहिली मोटार कुणाची निघणार, कारण कुणाची जागा सगळ्यात खाली आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं. चार भाऊबंद चिखलात उतरतात, एकजण वर ट्रॅक्टरवर असतो, ‘ताण, ताण, थांब’ असा आवाज येतो, आणि मोटार वर. कधी पाणी चढतच नाही, दोन दिवसांनी मोटार परत खाली सोडावी लागते. कुणी म्हणत नाही की मेहनत फुकट गेली. मोटारीसाठी आपण जे करतो ते म्हाताऱ्या माणसासाठी करताना मात्र ‘उगाच कशाला हलवायचं’ असं होतं. पूर न येता घर सोडलं तर लोक हसतील, ही लाज आपल्याकडे फार आहे. तिनं पाण्याइतकंच नुकसान केलंय.

आणि भाडेकरू. शहरात शिकायला, नोकरीला आलेली पोरं, बांधकामावरची, बेकरीतली बाहेरच्या राज्यातली कुटुंबं स्वस्त पडतं म्हणून नेमकी खालच्या भागात राहतात. त्यांना ‘पाच साल’ माहीत नाही, एकोणीस माहीत नाही. आयर्विन म्हणजे काय हेही माहीत नसतं. घरमालकानं चावी देताना वीजबिल, पाणीपट्टी सगळं समजावून सांगायचं आणि पूर आला तर या खोलीत किती फुटाला पाणी येतं हे सांगायचं नाही, हे मला पटत नाही. सांगितलं तर भाडं कमी येईल म्हणून सांगत नाहीत. हे थांबलं पाहिजे, आणि ते आपण शेजाऱ्यांनी थांबवलं पाहिजे.

आमच्या गल्लीत या जूनच्या आधी एवढं करायचं आम्ही घेतलंय : विजेच्या खांबावर आयर्विनच्या पातळीप्रमाणे फुटांच्या रेघा, 2019 च्या खुणेच्या वरसुद्धा तीन रेघा. प्रत्येक घराचे दोन आकडे एका वहीत, त्यात घर सोडायचा आकडा पहिला. ज्यांना उचलून न्यावं लागेल त्यांच्या नावापुढं उचलणाऱ्या दोघांची नावं, आणि ते दोघं गावाला गेले तर तिसऱ्याचं. औषधाच्या चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स. 1077 हा जिल्ह्याचा आपत्ती क्रमांक, वहीच्या पहिल्या पानावर आणि भाडेकरूंसाठी हिंदीत जिन्याच्या भिंतीवर. वर राहणाऱ्यांनी खालच्यांचं सामान कुठं ठेवायचं ते बोलून घेतलंय. जनावरं आमच्याकडे फक्त कोपऱ्यावरच्या एका घरात आहेत, त्यांच्यासाठी विश्रामबागेकडे एका ओळखीच्यांचं शेड बघून ठेवलंय, वैरणीचं अजून व्हायचंय.

ज्यांना आपल्या भागासाठी वहीचा नमुना हवा असेल त्यांनी मेसेज करा, पाठवतो. आणि पेठभाग, खणभाग, सांगलीवाडीतल्या जुन्या माणसांनी आपापल्या गल्लीतलं 2005, 2019 आणि 2021 चं पाणी कुठवर होतं ते खाली लिहा. दुकानाच्या पायरीपर्यंत, शटरच्या अर्ध्यापर्यंत, देवळाच्या घंटेपर्यंत, जसं आठवेल तसं. आम्हाला खांबावरच्या रेघा ताडून बघायच्या आहेत.