खुलासा: मागचं स्प्रॉकेट मोठं केल्याने टॉप स्पीड वाढत नाही

नाशिकच्या डर्ट बाईकवाल्यांत मेसेज फिरतोय: ‘मागचं स्प्रॉकेट मोठं टाका, टॉप स्पीड वाढतो.’ हे चूक आहे. (स्प्रॉकेट म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक.) 13-39 चं (पुढे 13 दात, मागे 39) गुणोत्तर 3 येतं, 13-42 चं 3.23, म्हणजे इंजिनच्या त्याच आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) वेग सुमारे 7 टक्क्यांनी घटतो. वाढते ती ओढ. त्र्यंबककडच्या मुरमाड चढावर तीच हवी, आग्रा हायवेवर नाही.

मग मीटर वेग जास्त का दाखवतो? स्पीड सेन्सर गिअरबॉक्सपाशी असेल, तर त्याला मागचा बदल कळतच नाही; खरा वेग घटला तरी मीटर जुन्याच गुणोत्तराने दाखवत राहतो.

पुढचा एक दात कमी केला तरी जवळपास हाच परिणाम, तोही स्वस्तात. पण मग स्विंगआर्मवरचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरचा) चेन स्लायडर, म्हणजे चेन घासू नये म्हणून लावलेली पट्टी, लवकर झिजतो आणि चेन थेट स्विंगआर्मलाच खाते. म्हणून चेन साफ करताना, इंजिन बंद ठेवून, तिथे बोट फिरवून बघाच.