दशमांशाआधी मजुरी

माझं कुपवाड एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं कटिंग मशीन), हाताखाली मोजकी माणसं आणि आजूबाजूच्या मोठ्या कारखान्यांचं जॉबवर्क, म्हणजे त्यांच्यासाठी मजुरीवर करून दिलेलं काम. जन्म मिरजेतल्या ख्रिस्ती घरातला. त्यामुळे 'ख्रिस्ती माणसाने धंदा कसा करावा' या विषयावरचे चर्चमधले संदेश लहानपणापासून ऐकत आलोय. लबाडी करू नये, वजनात मारू नये, रविवारची उपासना चुकवू नये, दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, देवाच्या कामाला द्यावा. सगळं मान्य. पण पैसे कधी चुकते करावेत, यावर एकही संदेश माझ्या कानावर आलेला नाही, आणि हे मला फार खटकतं. कारण आज धंद्यातला सगळ्यात मोठा अन्याय काट्यावर कमी आणि तारखेत जास्त होतो.

शास्त्र याबाबत अजिबात मोघम नाही. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात सांगितलंय की गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. 'लेवीय' या पुस्तकात तेच आहे: मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नका. आणि याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय तर अंगावर येतो. शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आहे आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी गेली आहे, असं तिथं म्हटलंय. मजूर गप्प बसला तरी पैसा ओरडतो.

आता आपल्याकडची रीत बघा. मोठा कारखाना जॉबवर्कवाल्याला म्हणतो, "पुढच्या आठवड्यात बघू." मग साहेब सुट्टीवर असतात. मग बिलात काहीतरी चूक निघते. जॉबवर्कवाला ठेकेदाराला थांबवतो, ठेकेदार हेल्परला. सगळ्यात शेवटी थांबतो तो, ज्याच्या घरी किराणा उधारीवर चालतो. त्याला मग मालकाकडे उचल मागावी लागते, आणि स्वतःच्याच कमाईसाठी तो उपकारात अडकतो. सरकारलाही हे दिसलंय. २००६च्या एमएसएमई कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायला सांगितलंय. २०२४ पासून आयकरात अशीही तरतूद आली की मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष चुकते होईपर्यंत तो खर्च हिशेबात धरता येत नाही. त्या वर्षी मार्चच्या तोंडावर भराभर पेमेंट सुटायला लागली, तेव्हा मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं. देवाच्या वचनाने जे सुटत नव्हतं, ते सीएच्या फोनने सुटलं.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातला, येशूने सांगितलेला द्राक्षमळ्याचा दाखला सांगली जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. तासगाव, पलूस, मिरजेच्या पूर्व भागात छाटणी-विरळणीला मजुरांच्या टोळ्या कशा पहाटे निघतात, ते आपण बघतोच. दाखल्यातला मालक पहाटे माणसं लावतो, पुन्हा जातो, पुन्हा जातो, अगदी दिवस संपायला तासभर उरला असताना नाक्यावर उभ्या असलेल्यांनाही कामावर घेतो. "आम्हाला कुणी कामच दिलं नाही," असं ती म्हणतात. संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी मिळते, सकाळपासून राबलेले कुरकुरतात. पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) इथं देवाच्या कृपेवर बोलतात, आणि ते बरोबरच आहे. मला मात्र त्यातलं आणखी एक वाक्य सोडवत नाही. संध्याकाळ झाल्यावर मालक आपल्या कारभाऱ्याला म्हणतो, कामकऱ्यांना बोलाव आणि त्यांची मजुरी दे. त्याच संध्याकाळी. "द्राक्षं विकली की बघू," असं तो म्हणत नाही. तासभर काम केलेल्याच्या घरीही रात्री तेवढीच तोंडं जेवायची असतात, हे त्या मालकाला कळलेलं आहे.

म्हणूनच दशमांशाचा मुद्दा मला एवढा लागतो. पगार दोन-दोन महिने मागे ठेवून, पीएफ कापून न भरता, त्याच पैशातून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मोठी देणगी जाहीर होते आणि टाळ्या पडतात. ती देणगी त्या माणसाची नाहीच. ती त्याच्या टर्नरची, फिटरची आहे. पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशमांश काटेकोर देणाऱ्या आणि न्याय, दया, विश्वास बाजूला ठेवणाऱ्या लोकांना प्रभू येशू काय म्हणाला, ते मत्तयाच्या २३व्या अध्यायात पुन्हा वाचा. जक्कय नावाच्या जकातदाराने आधी लुबाडलेल्या पैशाची परतफेड बोलून दाखवली, तीही चौपट, आणि मग त्या घराला तारण झाल्याचं प्रभूने सांगितलं.

आपल्या ख्रिस्ती संस्थांमध्ये एक वाक्य सर्रास वापरलं जातं: "ही नोकरी नाही, सेवा आहे." पगार लांबला की हे वाक्य बाहेर येतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे. पण तो पगार त्यांनी स्वतः सोडला होता. स्वतःहून सोडणं हा त्याग. दुसऱ्याचा थांबवून त्याला त्याग म्हणायला लावणं हे पाप आहे, आणि मी हा शब्द विचार करून वापरतोय.

मला विचारतात, वरून पेमेंट आलं नाही तर मालकाने आणायचे कुठून? प्रश्न खरा आहे. मी स्वतः रोज याच पेचात असतो. माझ्यापुरतं उत्तर एवढंच: पगाराची रक्कम वेगळ्या खात्यात आधी बाजूला जाते, नवं मशीन नंतर येतं, माझ्या घरखर्चाचे पैसे सगळ्यात शेवटी निघतात. ज्या ऑर्डरमध्ये माणसांचा पगार तारखेला निघणार नाही, ती ऑर्डर कितीही मोठी असली तरी घ्यायची नाही. यामुळे शॉप वाढायला वेळ लागतो. लागू दे. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत हॉस्पिटल उभं केलं. ऑपरेशनच्या आधी प्रार्थना करणाऱ्या मिशन डॉक्टरांच्या गोष्टी ऐकत आम्ही मोठे झालो. पण त्यांची प्रार्थना झाली की हात स्वच्छ धुतले जायचे आणि टाका नीट पडायचा, म्हणून तर लांबून लांबून माणसं मिरजेला आली. माझ्या शॉपमध्येही सकाळी प्रार्थना होते. ज्यांना थांबायचं ते थांबतात, बाकीचे चहा घेतात, कुणावर सक्ती नाही. माझ्याकडे बहुतेक कामगार ख्रिस्ती नाहीत. माझा विश्वास त्यांना कळायचा असेल, तर सात तारखेच्या आत खात्यावर आलेल्या पगारातूनच कळेल.

यंदाच्या वार्षिक सभेत मी आमच्या मंडळीत एक सूचना मांडणार आहे. दशमांशाचा आणि देणग्यांचा हिशेब जसा वाचून दाखवतात, तसंच आपल्याकडच्या चौकीदाराचा, झाडलोट करणाऱ्या मावशींचा आणि रंगकाम करून गेलेल्या पेंटरचा पैसा कोणत्या तारखेला दिला, तेही वाचून दाखवावं. तुमच्या मंडळीत कुणी असंच विचारणार असेल, तर खाली जरूर लिहा.