बंदी घातली, शिकवले काय?

पाऊस सुरू झाला की गोव्यात दरवर्षी एकच वाद पेटतो: धबधबे बंद ठेवायचे की खुले. २०२३ च्या जुलैत सांगे तालुक्यातल्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले आणि वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली. त्याच महिन्यात रुळांवरून दूधसागरकडे निघालेल्यांना उठाबशा काढायला लावल्याची चित्रफीत देशभर फिरली. कोणी म्हणते, जीव जातात, बंद करा. कोणी म्हणते, आमच्या पोटावर पाय देऊ नका. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला. हिवाळाभर ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये स्की शिकवतो. इथून हा वाद वाचताना एक गोष्ट मला खुपते: शिकवण्याबद्दल कोणीच बोलत नाही.

आल्प्समध्येही माणसे मरतात. तरी डोंगर कायमचा बंद करा, असे कोणी म्हणत नाही. उतारांना रंग आहेत: निळा सोपा, लाल मधला, काळा कठीण. पण नुसत्या रंगावर विसंबून शिकवता येत नाही. तोच लाल उतार सकाळी काचेसारखा टणक असतो, उन्हाने थोडा मऊ झाला की उत्तम होतो, आणि दुपारनंतर त्यावर जड ओल्या बर्फाचा चिखल साचतो. तोवर विद्यार्थ्यांचे पायही थकलेले असतात. म्हणून कोणाला पहिल्यांदा कठीण उतारावर न्यायचे तर मी आधी वेळ ठरवतो, मग उतार. दिवसाची शेवटची फेरी तर कधीच निवडत नाही.

त्याआधी निळ्या उतारावर परीक्षा होते. दोन्ही बाजूंना वळून जागच्या जागी थांबता येते का? स्की आडव्या धरून, त्यांच्या कडांची बर्फावरची पकड सैल करत, सरळ खाली घसरत उतरता येते का? हे दुसरे कौशल्य दिसायला किरकोळ, पण काळ्या उतारावर गाळण उडालेल्या माणसाला तेच खाली आणते. भीती वाटली की शरीर मागे, डोंगराच्या बाजूला झुकते. खालच्या स्कीवरचा भार सुटतो आणि ताबा जातो. ‘घाबरू नका’ म्हणून यात काही बदलत नाही. हात पुढे, छाती दरीकडे, भार खालच्या पायावर, हे सोप्या जागी अंगवळणी पाडावे लागते.

उतारही असा निवडायचा की तीव्र भाग असला तरी तो छोटा असावा आणि खाली रुंद सपाटी असावी. थांबण्याच्या जागा आधी ठरतात: कडेला, वरून येणाऱ्याला दिसेल अशा, आणि नंतर येणाऱ्याने आधीच्याच्या खाली थांबायचे, म्हणजे तो घसरला तरी कोणावर आदळत नाही. अरुंद जागी एकेकाने. आणि गट जमला नाही तर केबल-कारच्या केबिनने खाली परतायचा रस्ता मनात तयार हवा.

आखलेल्या उताराबाहेर मोकळ्या बर्फात गेले की हिशेब आणखी कडक होतो. हिमस्खलनाच्या धोक्याच्या पाच पातळ्या युरोपने १९९३ मध्ये ठरवल्या आणि हिवाळ्यात त्यांचे पत्रक रोज निघते. बरेच मृत्यू पाचव्या पातळीवर होत नाहीत, तिसऱ्यावर होतात. पाचव्या पातळीच्या दिवशी लोक घरीच असतात; तिसऱ्या पातळीच्या दिवशी ऊन पडलेले असते, बर्फ ताजा असतो आणि मोह आवरत नाही. आपल्याकडेही हेच घडते. खाली उघडीप असते, कोंडातले, म्हणजे डोहातले, पाणी स्वच्छ दिसते आणि वर घाटात पाऊस कोसळत असतो.

इथेही दोर लावून उतार बंद करतात. पण ती बंदी त्या दिवसाची असते, तिला कारण असते आणि ती उठते. अर्थात यामागे लिफ्टच्या तिकिटांचा पैसा आहे, हे विसरून टिरोल गोव्यात आणता येणार नाही. उलट आपल्याकडे जे आहे ते इथे पैशानेही मिळत नसते: व्हाळाच्या काठी जन्म गेलेली माणसे. पाणी गढूळ झाले, पाने-काटक्या वाहून येऊ लागल्या, की ती पोरांना आधी बाहेर काढतात. ही जाण कोणत्या फलकावर लिहिली आहे? समुद्रकिनाऱ्यावर २००८ पासून जीवरक्षक आहेत, झेंडे आहेत. धबधब्यांवर तशी व्यवस्था का नको?

खुले ठेवा म्हणणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. जानेवारी २०२५ मध्ये पेडण्यातल्या केरी इथे पॅराग्लायडिंग करताना एक पर्यटक तरुणी आणि पायलट, दोघेही गेले. पर्यटकाला धोक्याच्या जागी नेणारा कोण, त्याची परीक्षा कोणी घेतली, हे विचारल्याशिवाय ‘रोजगार’ हा शब्द वापरू नये. इथे पहिल्या पायरीचा प्रशिक्षक नवशिक्यांनाच शिकवतो; मोकळ्या बर्फात माणसे न्यायची तर पुढच्या परीक्षा आहेत.

मला विचाराल तर एकच धबधबा निवडावा आणि मे महिन्यात त्या गावातल्या चार-पाच जणांना दोर, प्रथमोपचार आणि पाण्यातली सुटका शिकवावी. रोज सकाळी पाणी पाहून खुला की बंद हे त्यांनी ठरवावे. आणि त्यांना पैसे माणशी न देता दिवसाचे द्यावेत. मी गटाला काळ्या उतारावरून निळ्यावर परत आणले तरी माझा पगार कापला जात नाही, म्हणूनच मी परत आणू शकतो. माणशी शंभर-दोनशे रुपयांवर घर चालवणारा वाटाड्या, दारात आलेल्या वीस जणांच्या बसला ‘आज नको’ कसे म्हणेल?