‘चेनवर आहे म्हणजे सगळ्यांचं आहे’ हे खरं नाही

क्रिप्टो आणि डेटाचं काम शिकणाऱ्यांच्या ग्रुपांमधून एक मजकूर सारखा फिरत असतो. शब्द थोडे बदलतात, सांगणं तेच: ‘ब्लॉकचेन ही सार्वजनिक वही आहे. तिथला डेटा कुणाच्याच मालकीचा नाही, त्यामुळे परवाना लागत नाही. कोडही उघडा असतो, खुशाल उचला. पत्ते निनावी असतात, म्हणजे खासगीपणाचा प्रश्न मिटला. चेन खोटं बोलत नाही, तेव्हा आकडे तपासत बसू नका. आणि स्रोत लिहायची गरज नाही, चेन कायम तिथेच आहे, ज्याला बघायचं तो बघेल.’

पहिलं वाक्य खरं आहे, आणि त्याच्या आडून बाकीची पाचही पटतात. मी रोज याच डेटावर काम करतो. नवीन मुलं या मजकुराच्या भरवशावर प्रोजेक्ट उभे करतात आणि मग अडकतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘कुणाच्याच मालकीचा नाही, परवाना लागत नाही’

नुसत्या व्यवहाराच्या नोंदीबद्दल हे बरोबर आहे. कुठल्या पत्त्यावरून (म्हणजे चेनवरच्या खाते क्रमांकावरून) कुठल्या पत्त्यावर किती रक्कम गेली, कितव्या ब्लॉकमध्ये (नोंदींच्या गठ्ठ्यात), फी किती पडली, ही सगळी तथ्यं. तथ्यांवर कॉपीराइट नसतो. तुम्ही स्वतःचा नोड, म्हणजे चेनची प्रत ठेवणारा संगणक, चालवून या नोंदी वाचल्या तर परवाना कोण मागणार?

पण स्वतःचा नोड चालवून काम करणारे किती? बाकी आपण सगळे कुणीतरी मांडून ठेवलेला डेटा उतरवून घेतो. इथेरियम या चेनचा एक्स्प्लोरर, म्हणजे तिच्या नोंदी दाखवणारी वेबसाइट, उघडा. ०एक्स२८सी६ अशी सुरुवात असलेल्या एका पत्त्यापुढे ‘बायनान्स १४’ असं नाव दिसतं (बायनान्स हे क्रिप्टोचं एक्स्चेंज). आता अख्खी इथेरियम चेन चाळा, ‘बायनान्स १४’ हे शब्द त्या पत्त्याला चिकटलेले कुठेच सापडणार नाहीत. चेनवर आहे तो फक्त बेचाळीस अक्षरांचा पत्ता. नाव लावलंय एक्स्प्लोररवाल्यांनी. कुठला प्रोजेक्ट कुठल्या परिवारात (एकमेकांशी जोडलेल्या प्रोजेक्टांच्या गटात) मोडतो, त्याचे रेपो (कोड ठेवायच्या जागा) कोणते, त्यावर किती डेव्हलपर काम करतात, एखाद्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे चेनवर चालणाऱ्या सेवेत, लोकांनी किती रक्कम ठेवलेली आहे, यातलं काहीही चेन आपणहून सांगत नाही. हे माणसांनी बसून लावलेलं असतं.

इलेक्ट्रिक कॅपिटल या संस्थेची क्रिप्टो प्रोजेक्टांची यादी गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर आहे. कुठला रेपो कुठल्या परिवाराचा याचं ते भलंमोठं वर्गीकरण, आणि त्यात बाहेरची माणसंही भर घालत असतात. यादी उघडी आहे, पण तिच्यावर परवाना आहे: एमआयटी नावाचा मोकळा परवाना, आणि सोबत श्रेय देण्याची अट. त्यांनी साफ लिहून ठेवलंय की यादी वापरलीत तर स्रोताचं नाव द्या, दुवा द्या. कॉइनगेको (क्रिप्टोच्या किमती देणारी साइट) आणि इथरस्कॅन (इथेरियमचा एक्स्प्लोरर) यांच्या मोफत एपीआयलाही, म्हणजे प्रोग्रॅममधून डेटा ओढायच्या सोयीलाही, श्रेयाची अट आहे. तिची चावी घेताना आपण ‘मान्य’वर टिचकी मारतो, तो करार असतो. कॉपीराइट लागू होवो न होवो, करार लागू होतोच.

‘पण मूळ माहिती तर सार्वजनिकच ना?’ या प्रश्नाचं उत्तर आपल्या सुप्रीम कोर्टाने ब्लॉकचेनच्याही आधी देऊन ठेवलंय. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्याचा निकाल डिसेंबर २००७ मध्ये लागला. कोर्टाचे निकाल छापणाऱ्या प्रकाशकाचा दावा होता की आम्ही संपादित केलेले निकाल दुसऱ्यांनी सीडीवर उचलले. कोर्टाने सांगितलं की निकालाचा मूळ मजकूर सगळ्यांचा, तो कुणीही छापावा. पण प्रकाशकाच्या संपादकांनी पाडलेले परिच्छेद, त्यांचे आपसातले संदर्भ, कोणता न्यायाधीश सहमत आणि कोणता असहमत याच्या खुणा, यात डोकं आणि पारख लागली आहे, त्यावर हक्क संपादकाचा. याच निकालाने हेही स्पष्ट केलं की नुसती मेहनत पुरेशी नाही, थोडी तरी सर्जकता हवी. म्हणजे भारतात एखादी कोरडी, सरधोपट यादी कॉपीराइटमध्ये कदाचित बसणार नाही. विचारपूर्वक केलेलं वर्गीकरण बसू शकतं. ब्लॉक म्हणजे निकालाचा मूळ मजकूर आणि लेबल म्हणजे संपादकाचे परिच्छेद, असं धरून चाललात तर सहसा चुकणार नाही. युरोपातले ग्राहक असतील तर आणखी एक गोष्ट: तिथे १९९६ पासून डेटाबेस उभा करायला लागलेल्या गुंतवणुकीलाच वेगळं संरक्षण आहे, पंधरा वर्षांचं.

‘कोड उघडा आहे, उचला’

सॉलिडिटी या भाषेत लिहिलेल्या बहुतेक कॉन्ट्रॅक्टच्या, म्हणजे चेनवर चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या, पहिल्याच ओळीत परवान्याची खूण असते. ती नसेल तर सॉलिडिटीच्या ०.६.८ या आवृत्तीपासून कंपायलर (कोड संगणकाच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम) तसा इशारा देतो. ही ओळ कुणी वाचत नाही, म्हणून जरा जवळून बघू. तिथे कधी ‘अनलायसन्स’ असतं आणि कधी ‘अनलायसन्स्ड’. इंग्रजीत फरक शेवटच्या एका ‘डी’चा. पहिल्याचा अर्थ, लेखकाने सगळे हक्क सोडले, काय हवं ते करा. दुसऱ्याचा अर्थ, कुणालाही कसलीच परवानगी दिलेली नाही. एक अक्षर नजरेतून सुटलं की अर्थ नेमका उलटा. आणि गिटहबवर परवान्याची फाइलच नसेल तर? तरीही तो कोड मोकळा होत नाही. तुम्ही तो बघू शकता, गिटहबवर फोर्क करू शकता (म्हणजे आपल्या खात्यात त्याची प्रत घेऊ शकता), पण त्यापलीकडचे सगळे हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात.

युनिस्वॅप या चेनवर चालणाऱ्या एक्स्चेंजचं उदाहरण तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलं. त्याच्या कोडची दुसरी आवृत्ती जीपीएल या मोकळ्या परवान्याखाली होती. २०२० मध्ये सुशीस्वॅपने तिची नक्कल करून स्वतःचं दुकान थाटलं आणि ते परवान्यात बसत होतं. मे २०२१ मध्ये तिसरी आवृत्ती आली तेव्हा युनिस्वॅपने ‘बिझनेस सोर्स लायसन्स’ लावलं. कोड गिटहबवर, कॉन्ट्रॅक्ट चेनवर, वाचायला कुणालाही मोकळं. धंद्यासाठी वापरायला मात्र १ एप्रिल २०२३ पर्यंत बंदी, आणि त्या दिवसापासून तो जीपीएलखाली खुला. तो महिना उजाडताच दुसऱ्या एक्स्चेंजांनी त्या कोडवर बेतलेल्या आवृत्त्या काढल्या. जे ‘उघडं म्हणजे मोकळं’ या समजुतीत होते त्यांच्यासाठी ती दोन वर्षं म्हणजे धडा होता.

‘पत्ते निनावी असतात’

या मुद्द्यावर मला मनापासून राग येतो, कारण इथे नुकसान माणसांचं होतं.

पत्त्यावर नाव नसतं हे खरं. पण नाव एकदा चिकटलं की मागचे-पुढचे सगळे व्यवहार त्या माणसाचे होऊन बसतात, आणि चेनवरून ते पुसता येत नाहीत. लेजर या हार्डवेअर वॉलेट (क्रिप्टोच्या चाव्या जपणारं उपकरण) विकणाऱ्या कंपनीच्या ग्राहकांचा डेटा २०२० मध्ये फुटला. त्याच डिसेंबरमध्ये सुमारे २ लाख ७२ हजार लोकांची नावं, घरचे पत्ते, फोन नंबर कुणीही उतरवून घ्यावेत असे पडले होते. लोकांना धमक्या यायला लागल्या. कुणाच्या घरी क्रिप्टो आहे हे कळणं आणि किती आहे हे चेनवर दिसणं, या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं ते वेगळं सांगायला नको.

कायद्याचं बघायचं तर भारताचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. त्यात एक सवलत आहे: व्यक्तीने स्वतःच जाहीर केलेल्या माहितीला हा कायदा लागत नाही. ‘चेनवर आहे म्हणजे जाहीरच केलंय’ असं म्हणणारे याच सवलतीवर बोट ठेवतात. पण त्या माणसाने व्यवहार केला, आपलं नाव जाहीर केलं नाही. नाव तुम्ही जोडलंत. ती जोडणी त्याने जाहीर केलेली नाही, तेव्हा माझ्या मते ही सवलत तुम्हाला मिळत नाही. युरोपच्या डेटा संरक्षण मंडळाने तर एप्रिल २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत व्यक्तींची माहिती चेनवर ठेवणं शक्यतो टाळाच असा सूर लावला आहे.

आपल्याकडेही हा प्रश्न दूरचा नाही. गडचिरोलीतल्या एटापल्लीत ६५ हजार जात प्रमाणपत्रं पॉलिगॉन चेनवर नोंदवण्याच्या कामाच्या बातम्या २०२२ मध्ये आल्या होत्या. बनावट दाखले रोखणं हा हेतू चांगलाच. पण अशा कामात चेनवर कागदाची हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, जावी, कागदातला मजकूर कधीच नाही. आणि हॅशही जपून. बारा आकडी नंबरची नुसती हॅश टाकलीत तर संगणक सगळे बारा आकडी नंबर एकेक करून घालून बघू शकतो आणि जुळणारा शोधून काढतो. सोबत गुप्त यादृच्छिक भर घातल्याशिवाय ती हॅश म्हणजे पातळ पडदा.

डेव्हलपरांच्या याद्यांचंही तेच. कमिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलाच्या नोंदीत, ईमेल दिसतो म्हणून तो गोळा करून विकायचा नसतो. गिटहबच्या नियमांत ही माहिती नको असलेल्या मेलसाठी वापरायला किंवा नोकरभरतीवाल्यांना विकायला बंदी आहे. क्रिप्टो डेव्हलपरांना खोट्या नोकरीचं आमिष दाखवून ‘परीक्षेचा कोड चालवून बघा’ म्हणत त्यांच्या लॅपटॉपमध्ये घुसणाऱ्या टोळ्या काही वर्षांपासून सक्रिय आहेत. तुमची ‘ओपन डेटा’ यादी अशांच्या हाती आयती शिकार देते.

‘चेन खोटं बोलत नाही’

चेन बोलतच नाही. बोलतो तो आकडा काढणारा.

ऑगस्ट २०२२ मध्ये कॉइनडेस्क या क्रिप्टो बातम्यांच्या साइटने सोलाना या चेनवरचं एक प्रकरण बाहेर काढलं. एकाच डेव्हलपरने अकरा वेगवेगळी सोंगं घेऊन एकमेकांवर रचलेले प्रोटोकॉल उभे केले होते. तेच डॉलर एकातून दुसऱ्यात ठेवले की दोन्हीकडे मोजले जात. सोलानावर लोकांनी ठेवलेली रक्कम साडेदहा अब्ज डॉलर दिसत होती, त्यातले साडेसात अब्ज या परिवारातले. चेनवरचा एकही व्यवहार खोटा नव्हता, बेरीज खोटी होती.

त्याच महिन्यात अमेरिकेने टॉर्नेडो कॅश या पैशांचा माग लपवणाऱ्या सेवेवर निर्बंध घातले. लगोलग कुणीतरी अनामिकाने टॉर्नेडोतून प्रसिद्ध लोकांच्या जाहीर पत्त्यांवर ०.१ इथर (इथेरियमचं नाणं) पाठवायचा सपाटा लावला. येणारे पैसे नाकारायची सोय चेनवर नाही. झालं, ‘टॉर्नेडोशी संबंध’ असा शिक्का त्या पत्त्यांवर बसला आणि काही सेवांनी अशा पत्त्यांना आपल्या वेबसाइटवर अडवलं. व्यवहार शंभर टक्के खरा, आणि त्यावरून काढलेला अर्थ साफ चुकीचा.

‘स्रोत कशाला, चेन कायम आहे’

आधी ‘कायम’चं. पॉलिगॉनच्या चाचणीच्या चेनचं नाव ‘मुंबई’ होतं. कितीतरी जणांचं शिकणं तिच्यावर झालं. एप्रिल २०२४ मध्ये ती बंद झाली, जागी ‘अमोय’ आली. इथेरियमवर मार्च २०२४ पासून आलेले ‘ब्लॉब’ (डेटाचे तात्पुरते गठ्ठे) तर साधारण अठरा दिवसांनी नोड टाकून देतात, तशी रचनाच आहे. त्यामुळे आकडा कितव्या ब्लॉकपर्यंतचा, कुठल्या यादीच्या कुठल्या तारखेच्या आवृत्तीवरून, हे लिहिल्याशिवाय तो पुन्हा तपासता येत नाही.

श्रेय देणं म्हणजे शिष्टाचार, असं मलाही वाटायचं. मग एक घटना घडली. एका सामूहिक यादीत मी काही पत्त्यांना लेबलं लावत होतो. एका पत्त्यावर फसवणूक करणाऱ्या टोळीच्या पत्त्यावरून थेट यूएसडीटी (डॉलरच्या भावाचं क्रिप्टो नाणं) आले होते, म्हणून मी त्यापुढे ‘फसवणूक’ लिहिलं. काही आठवड्यांनी एका मुलाचा मेल आला. ‘सर, हा पत्ता माझा आहे. मी पीटूपीवर, थेट दुसऱ्या माणसाला रुपये देऊन यूएसडीटी घेतले होते, विकणारा कोण ते मला काय माहीत?’ सोबत ऑर्डरचा स्क्रीनशॉट. वेळ जुळत होती, रक्कमही जुळत होती. विकणाऱ्याच्या पापाचं लेबल मी गिऱ्हाइकाला लावलं होतं.

त्याच संध्याकाळी मी लेबल काढलं, कारणासकट नोंद केली आणि त्याला कळवलं. पण तोवर यादी तीन ठिकाणी गेली होती. एका ठिकाणी वरच मूळ यादीचा दुवा आणि आवृत्तीची तारीख होती, ते लोक मूळ यादीतले बदल रोज ओढून घेत. दुसऱ्या दिवशी तिथलं लेबल आपोआप गेलं. उरलेल्या दोन ठिकाणी स्रोताचा उल्लेखच नव्हता. तो पत्ता सर्च करून मी ती ठिकाणं शोधली. एकाला तीन मेल केले, उत्तर नाही. दुसऱ्या साइटवर संपर्काची सोयच नाही. तो मुलगा अजून अधूनमधून विचारतो, ‘सर, निघालं का?’ मी प्रत्येक वेळी उघडून बघतो. अजून तसंच आहे.