पंचगंगेची उद्याची पातळी दोन आकड्यांवरून ठरत नाही

पंचगंगा चढू लागली की कोल्हापुरात मोबाइलवर एक हिशेब फिरू लागतो. त्याची धाटणी साधारण अशी असते: ‘राजाराम बंधाऱ्यावर सकाळी 8 वाजता 35 फूट, दुपारी 4 वाजता 37 फूट, म्हणजे ताशी 3 इंच वाढ. उद्या दुपारी 4 वाजता 43 फुटांची धोका पातळी गाठणार. आकडे सरकारी आहेत.’

यातला भागाकार बिनचूक आहे. 24 इंच भागिले 8 तास, ताशी 3 इंच. मात्र हा आठ तासांचा सरासरी वेग आहे, दुपारी 4 वाजताचा नव्हे. पहिल्या चार तासांत 18 आणि पुढच्या चार तासांत 6 इंच पाणी चढले असेल, तरी सरासरी 3 इंचच येते. पण त्या वेळी नदी ताशी दीड इंचाने चढत असते आणि त्या वेगाने उरलेल्या 72 इंचांना 48 तास लागतील. क्रम उलटा असेल, तर वेग ताशी साडेचार इंच आणि धोका पातळी दुसऱ्या दिवशी सकाळी 8 वाजताच. केवळ दोन टोकांच्या नोंदी पाहून यांतले काय घडले, हे कोणालाही सांगता येणार नाही.

वेग असाच टिकेल, हे गृहीतकही नदीला लागू पडत नाही. पात्राबाहेर पडलेले पाणी शेतांत पसरते, त्यामुळे तेवढ्याच आवकेला पातळी कमी चढते. याउलट वरच्या बाजूच्या राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले, की प्रत्येक दरवाजातून 1428 क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) विसर्ग सुरू होतो आणि ते पाणी काही तासांनी शहरापाशी येते. सकाळच्या नोंदीत त्याचा मागमूसही नसतो.

आकडे सरकारी असले, तरी वजाबाकी आपणच करतो. 35 फूट 10 इंच ही नोंद ‘35.10’ अशी लिहिली जाते, 36 फूट 2 इंच ‘36.2’ अशी, आणि कॅल्क्युलेटर फरक 1.1 दाखवतो. खरी वाढ फक्त 4 इंच आहे. म्हणून आधी सगळे इंचांत करावे, आणि वेग काढायचाच तर लागोपाठच्या ताज्या तीन-चार नोंदींमधला टप्प्याटप्प्याने काढावा. शहरात पुराचे पाणी लवकर शिरते त्या सुतारवाड्यातल्या कुटुंबाने मात्र ‘उद्या दुपारी 4’ वर विसंबून थांबू नये. 39 फुटांची इशारा पातळी त्याआधीच येते आणि सामान हलवण्याची वेळ तीच आहे.